१० आणि ५ मिळून १०५ लिटर? ऑनलाइन फॉर्मच्या मागची तपासणी कशी चालते, समजून घ्या

सकाळी १० लिटर दूध घातलं, संध्याकाळी ५ लिटर. दिवसाचं दूध किती? शाळेतलं पोरगंही १५ सांगेल. पण बहुतेक वेबसाइट आणि बरीच मोबाइल ॲप ज्या भाषेवर चालतात, त्या जावास्क्रिप्टला हे दोन आकडे ‘आकडा’ म्हणून न देता ‘मजकूर’ म्हणून दिले, तर ती १० च्या पुढं ५ चिकटवते आणि उत्तर देते १०५. त्याच दोन मजकुरांची वजाबाकी सांगितली, तर मात्र बरोबर ५ सांगते. त्यामुळं अशी चूक कधी लगेच दिसते, तर कधी महिनाभर लपून राहते.

दुधाचं बिल, पीक विम्याचा अर्ज, बाजार समितीतली नोंद, शिष्यवृत्तीचा फॉर्म ही सगळी कामं आता मोबाइलवर आली आहेत. अशा ठिकाणी आकड्याची एक गडबड थेट खात्यावरच्या पैशात दिसते. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर आत येणारी प्रत्येक माहिती दारातच तपासून घेतं. या तपासणीला ‘व्हॅलिडेशन’ म्हणतात. ‘अवैध क्रमांक’, ‘ही माहिती आवश्यक आहे’ असे लाल अक्षरातले जे संदेश दिसतात, ते याच तपासणीचे.

ही तपासणी लिहिण्यासाठी जगभरचे प्रोग्रामर तयार चौकटी वापरतात. त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. ‘नेस्ट जेएस’ ही त्यातली एक नावाजलेली चौकट. ती टाइपस्क्रिप्ट या भाषेत लिहिलेली आहे. आलेली माहिती तपासणं आणि ‘या सॉफ्टवेअरला माहिती कशी द्यायची’ याची पुस्तिका आपोआप तयार करणं, या दोन्ही गोष्टी तिच्यात होतात. ते कसं, आणि त्याचा मोबाइल वापरणाऱ्या गावकऱ्याशी काय संबंध, हे पाहू.

मोबाइल बाहेर, हिशेब आत

हातातलं ॲप म्हणजे फक्त बाहेरची बाजू. खरी नोंद आणि हिशेब दूर कुठंतरी असलेल्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर होतो. या दोघांच्या मध्ये माहिती देण्या-घेण्याची ठरलेली खिडकी असते. तिला ‘एपीआय’ म्हणतात.

बँकेत पैसे भरायला गेलं की स्लिप भरावी लागते. खाते क्रमांक एका रकान्यात, रक्कम दुसऱ्या रकान्यात, खाली सही. कोऱ्या कागदावर काहीही लिहून दिलं तर खिडकीतला कारकून ते परत करतो. एपीआयचंही तसंच. कोणती माहिती, कोणत्या रकान्यात, कोणत्या रूपात द्यायची हे आधी ठरलेलं असतं.

समजा, एका गावातल्या दूध संस्थेनं संकलनाचं सॉफ्टवेअर करून घेतलं. केंद्रावरचा माणूस प्रत्येक सभासदामागं सहा गोष्टी भरतो: सभासद क्रमांक, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट आणि एसएनएफ. या सहा रकान्यांची स्लिप सर्व्हरकडं जाते. आता फॅट ३.५ ऐवजी घाईत ३५ पडलं तर? लिटरच्या जागी काहीच नसलं तर? गाय किंवा म्हैस यापैकी काहीच न निवडता नोंद पाठवली तर? सर्व्हरवर तपासणी नसेल तर ही नोंद तशीच आत जाते आणि दहा दिवसांनी बिल निघतं तेव्हा वाद होतो.

सेंट्रिंग काढलं की उरतं काय?

जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये नेटस्केप या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तयार केली. आकडा आणि मजकूर यांच्या बाबतीत ती फार सैल आहे. छोट्या कामाला हे बरं पडतं, पण मोठ्या हिशेबात अंगाशी येतं. म्हणून ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं टाइपस्क्रिप्ट आणली. तिच्या मागे अँडर्स हेल्सबर्ग हे नाव मोठं. या भाषेत प्रोग्रामर आधीच सांगून ठेवतो, की ‘लिटर’ हा आकडाच असेल आणि ‘नाव’ हा मजकूरच असेल. पुढं कुठं गल्लत केली तर प्रोग्राम लिहितानाच चूक दाखवली जाते.

पण इथं एक मेख आहे. टाइपस्क्रिप्ट जशीच्या तशी चालवली जात नाही. चालवण्याआधी तिचं जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होतं आणि त्या वेळी हे सगळे ‘आकडाच’, ‘मजकूरच’ असे शिक्के गळून पडतात. स्लॅब टाकताना सेंट्रिंग लावतात आणि स्लॅब पक्का झाला की काढून टाकतात, तसंच हे. सेंट्रिंगमुळं बांधकाम सरळ झालं हे खरं, पण नंतर घरात कोण शिरतं हे ते बघत नाही.

म्हणजे ‘आमचं सॉफ्टवेअर टाइपस्क्रिप्टमध्ये आहे’ एवढ्यानं काम भागत नाही. बाहेरून, कुणाच्या तरी मोबाइलवरून येणारी माहिती प्रत्यक्ष येते त्या क्षणी वेगळी तपासावी लागते. नेस्टसारख्या चौकटीचा उपयोग इथंच होतो.

दारावरचा तपासनीस

नेस्ट जेएसची सुरुवात पोलंडमधल्या कामिल मिश्लिव्हिएत्स या प्रोग्रामरनं केली आणि २०१७ पासून ती लोकांपुढं आली. ती मोफत आहे, तिचा कोड खुला आहे. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या ‘नोड जेएस’ या यंत्रणेवर ती उभी राहते.

नेस्टमध्ये प्रोग्रामर प्रत्येक स्लिपचा नमुना एकदा लिहितो. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर छोट्या चिठ्ठ्या लावतो. दूध संस्थेच्या उदाहरणात त्या अशा असतील: लिटर – आकडाच हवा, शून्यापेक्षा जास्त. फॅट – आकडाच हवा, संस्थेनं ठरवलेल्या मर्यादेत. दुधाचा प्रकार – गाय किंवा म्हैस, तिसरं काही चालणार नाही. सभासद क्रमांक – रिकामा सोडता येणार नाही.

एवढं लिहिलं की पुढचं काम तपासनिसाचं. नेस्टमध्ये त्याला ‘व्हॅलिडेशन पाइप’ म्हणतात. पाइप हे नाव चपखल आहे. विहिरीचं पाणी ठिबकच्या नळ्यांत सोडण्याआधी फिल्टरमधून जातं, तशी प्रत्येक स्लिप हिशेबाकडं जाण्याआधी या पाइपमधून जाते. नियमात बसली तर आत. नाही बसली तर कुठला रकाना का चुकला याची यादी जोडून परत. हिशेबाच्या भागापर्यंत ती पोचतच नाही. त्यामुळं ३५ फॅटची नोंद वहीत चढत नाही आणि ‘१०’ हा मजकूर आकडा समजून बेरजेला बसत नाही.

इथं कुणी म्हणेल, मोबाइलवरचं ॲप लाल अक्षरात चूक दाखवतंच की, मग पुन्हा सर्व्हरवर कशाला? कारण ॲप वापरणाऱ्याच्या हातात असतं. ते जुनं असू शकतं, बिघडलेलं असू शकतं, आणि ज्याला येतं तो ॲप बाजूला ठेवून थेट खिडकीवर स्वतःची स्लिप पाठवू शकतो. मोबाइलवरची तपासणी ही सोय आहे. भरवशाची तपासणी सर्व्हरवरचीच.

स्लिपवर जादा रकाना आला तर?

तपासणी फक्त चुकीच्या आकड्यांसाठी नसते. समजा, दूध संस्थेच्या स्लिपवर सहाच रकाने आहेत, पण कुणी हुशारीनं सातवा जोडून पाठवला: ‘दर – ९० रुपये’. सर्व्हर आलेलं सगळं डोळे झाकून नोंदवत असेल तर दर बदलून जाईल.

हा धोका कागदावरचा नाही. मार्च २०१२ मध्ये, जगभरचे प्रोग्रामर आपला कोड जिथं ठेवतात त्या गिटहब या संकेतस्थळावर असंच घडलं. एका रशियन प्रोग्रामरनं फॉर्मसोबत जादा माहिती पाठवली आणि स्वतःची डिजिटल किल्ली ‘रुबी ऑन रेल्स’ या प्रसिद्ध प्रकल्पाच्या नावावर चढवली. ज्या कोडला हात लावायचा हक्क त्याला नव्हता, त्यात त्यानं बदल करून दाखवला. ती चौकट वेगळी होती, पण धडा सगळ्यांनाच मिळाला.

नेस्टच्या तपासनिसाला सांगून ठेवता येतं, की नमुन्यात नसलेला रकाना आला तर तेवढा गाळून टाक, किंवा आख्खी स्लिपच परत कर. मात्र ही सोय आपोआप चालू नसते, प्रोग्रामरला ती चालू करावी लागते. सॉफ्टवेअर करून घेणाऱ्या संस्थेनं विचारावा असा हा प्रश्न आहे.

पुस्तिका आपोआप कशी तयार होते?

दूध संस्थेचं सॉफ्टवेअर एकटं राहत नाही. उद्या शेतकऱ्यांसाठी वेगळं मोबाइल ॲप येतं, बिल वाटायला बँकेची यंत्रणा जोडावी लागते, तालुक्याच्या संघाला रोजचा आकडा द्यावा लागतो. या प्रत्येकाला प्रश्न पडतो: तुमच्या खिडकीवर स्लिप कशी भरायची? फॅट दशांशात द्यायचं का? तारीख आधी की महिना आधी?

याची उत्तरं देणाऱ्या पुस्तिकेला ‘एपीआय डॉक्युमेंटेशन’ म्हणतात. पूर्वी ती हातानं लिहायचे. अडचण अशी, की सॉफ्टवेअर बदलत राहतं आणि पुस्तिका जुनीच राहते. जमीन विकली, ताबा बदलला, पण फेरफार झाला नाही म्हणून सातबाऱ्यावर जुनंच नाव राहतं, तसा हा प्रकार. कागद एक सांगतो, जागेवर दुसरंच. पुस्तिका बघून काम करणारा फसतो आणि दोष कुणाचा यावर दोन कंपन्या भांडत बसतात.

त्यावर उपाय निघाला तो असा: तपासणीसाठी स्लिपचा नमुना आणि नियम लिहिलेले आहेतच, तर पुस्तिकाही त्यातूनच काढायची. त्यासाठी ‘स्वॅगर’ नावाची पद्धत २०११ च्या सुमारास पुढं आली. वर्डनिक या ऑनलाइन शब्दकोशाच्या कंपनीत टोनी टॅम यांनी ती सुरू केली. २०१५ च्या अखेरीस तिचा नियमावलीचा भाग लिनक्स फाउंडेशनच्या छताखाली गेला आणि आता तो ‘ओपन एपीआय’ या नावानं ओळखला जातो. एखाद्या एका कंपनीच्या मालकीची ही पद्धत राहिली नाही, म्हणून ती सगळीकडं चालते.

नेस्टला स्वॅगरचा जोडभाग लावला की सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या खिडक्यांची यादी एका वेब पानावर दिसते. कोणत्या खिडकीवर कोणते रकाने, त्यातला सक्तीचा कोणता, आकडा कुठं आणि मजकूर कुठं, उत्तर काय येईल, हे सगळं तिथं असतं. त्याच पानावरचं बटण दाबून नमुन्याची स्लिप पाठवूनही बघता येते. काही चिठ्ठ्या पुस्तिकेसाठी म्हणून वेगळ्या लावाव्या लागतात. पण नेस्टचं एक खास प्लगइन चालू केलं, तर तपासणीचे बरेचसे नियम तेच वाचून पुस्तिकेत घालतं. फॅटची मर्यादा कोडमध्ये बदलली की पुस्तिकेतही बदलते. फेरफारासाठी वेगळा हेलपाटा नाही.

ही कल्पना एकट्या नेस्टची नाही. टाइपस्क्रिप्टच्या जगात होनो, इलिशिया अशा इतर चौकटी आहेत, पायथन भाषेत फास्ट-एपीआय आहे. रीत थोडी वेगळी असली तरी विचार तोच: नियम एकाच जागी लिहायचा, आणि तपासणीला व पुस्तिकेला तोच वापरायचा.

भारतातही सरकारी खात्यांनी आपल्या खिडक्या एकमेकांना आणि बाहेरच्यांना खुल्या कराव्यात, असं धोरण केंद्र सरकारनं २०१५ मध्ये आणलं. ‘एपीआय सेतू’ या सरकारी व्यासपीठावर अशा खिडक्यांची यादी मिळते. एका खात्याकडचं प्रमाणपत्र दुसऱ्या खात्याला थेट मिळावं आणि नागरिकाला झेरॉक्स घेऊन फिरावं लागू नये, यासाठी दोन्हीकडच्या सॉफ्टवेअरला एकमेकांच्या स्लिपचा नमुना नेमका माहीत असावा लागतो.

रोजच्या आकड्यांमागचे नियम

फॉर्म भरताना जे नियम आडवे येतात ते कुणाच्या मनाचे नसतात. बहुतेकांमागं कारण असतं.

मोबाइल क्रमांक: भारतातला मोबाइल क्रमांक १० अंकी असतो आणि तो ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतो. पुढं शून्य लावला की बरेच फॉर्म तो नाकारतात.

पिन कोड: सहा अंकी, आणि पहिला अंक शून्य नसतो. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस. महाराष्ट्रातले पिन ४० ते ४४ नं सुरू होतात, गोव्याचे ४०३ नं. त्यामुळं राज्य महाराष्ट्र निवडून ५ नं सुरू होणारा पिन टाकला, तर सॉफ्टवेअरला गडबड ओळखता येते.

आयएफएससी: एकूण ११ जागा. पहिली चार इंग्रजी अक्षरं बँकेची, पाचव्या जागी शून्य, उरलेल्या सहा जागा शाखेच्या. पासबुकावरून बघून टाकताना पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टाकला जातो. ही चूक फार लोकांकडून होते. फॉर्म परत येत असेल तर आधी हीच जागा तपासावी.

आधार: १२ अंक, सुरुवात ० किंवा १ नं होत नाही. शेवटचा अंक हा आधीच्या ११ अंकांवरून गणितानं काढलेला असतो. नेदरलँड्सचे गणिती याकोबस व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली ही रीत आहे. कुठलाही एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ते हिशेबात बसत नाही. म्हणूनच एखादं ॲप सर्व्हरला न विचारताही ‘आधार क्रमांक चुकीचा’ असं लगेच सांगू शकतं.

मराठीत भरलं तर अडतं कुठं?

इथं खेड्यातल्या माणसाला त्रास होतो तो वेगळाच. मोबाइलचा कीबोर्ड मराठी ठेवलेला असतो आणि लिटरच्या रकान्यात माणूस देवनागरीत १० टाकतो. जावास्क्रिप्टला फक्त इंग्रजी अंक ओळखता येतात. देवनागरी १० तिच्या लेखी आकडाच नाही. तपासनीस म्हणतो ‘अवैध’, आणि माणसाला कळत नाही, की बरोबर आकडा टाकूनही चुकलं काय.

नावाचंही तसंच. ‘ज्ञानेश्वर’ आपल्या दृष्टीनं चार अक्षरं. संगणक मात्र काना, मात्रा आणि जोडाक्षरातला पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगवेगळं मोजतो, म्हणून त्याच्या लेखी ती १० होतात. ‘क्षितिज’ची तीन अक्षरं ७ होतात. इंग्रजी नावाचा अंदाज धरून कुणी ‘नाव २० अक्षरांपर्यंत’ असा नियम लिहिला, तर मराठीत लिहिलेलं पूर्ण नाव त्यात मावत नाही. कुठं आडनाव सक्तीचं असतं आणि ज्या आजीच्या कागदपत्रांवर एकच नाव आहे तिचा अर्ज पुढंच सरकत नाही.

हा दोष नेस्टचा नाही आणि भरणाऱ्याचाही नाही. तो नियम लिहिणाऱ्याचा आहे, आणि दुरुस्त करता येतो. तपासणीच्या आधी देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलून घेण्याची पायरी नेस्टमध्ये घालता येते. नावाची मर्यादा वाढवता येते. ‘अवैध’ एवढंच न म्हणता ‘कृपया इंग्रजी अंक वापरा’ असा मराठी संदेश लिहिता येतो. पण त्यासाठी अडचण कुणीतरी कळवावी लागते. नाहीतर शहरात बसलेल्या प्रोग्रामरला ती दिसतच नाही.

तपासणीतून काय सुटतं?

तपासनीस स्लिपचा नमुना बघतो, खरं-खोटं बघत नाही. फॅट ४.२ लागलं आणि ३.८ लिहिलं, तर दोन्ही आकडे नियमात बसतात. नोंद बिनबोभाट आत जाते. आयएफएससी बरोबर ११ जागांचा असेल पण दुसऱ्याच शाखेचा, तरी नमुना चुकत नाही. खाते क्रमांकातला एक अंक चुकून तो दुसऱ्या कुणाचा निघाला, तर पैसे तिकडं जाऊ शकतात. म्हणूनच रिझर्व्ह बँकेनं एनईएफटी आणि आरटीजीएसनं पैसे पाठवण्याआधी समोरच्या खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं बँकांना सांगितलं होतं. पाठवण्याआधी ते नाव वाचून घेणं हे माणसाचंच काम आहे.

दुधाच्या बाबतीतही मशीनवर दिसलेला आकडा आणि पावतीवर किंवा मेसेजमध्ये आलेला आकडा जागेवरच ताडून बघितला पाहिजे. सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी ही ताडणी त्याला करता येत नाही.

लाल संदेश आला तर काय करावं?

काही ॲप चुकीसोबत तीन अंकी क्रमांक दाखवतात. तो वाचला तर निम्मा प्रश्न सुटतो.

४०० – पाठवलेल्या माहितीत चूक. रकाने पुन्हा तपासावेत. नेस्टचा तपासनीसही स्लिप परत करताना सहसा हाच क्रमांक देतो.

४०१ – लॉगिन झालेलं नाही किंवा त्याची मुदत संपली. पुन्हा लॉगिन करावं.

४०४ – मागितलेली गोष्ट त्या पत्त्यावर सापडली नाही.

४२९ – थोड्या वेळात खूप वेळा बटण दाबलं गेलं. जरा थांबून प्रयत्न करावा.

५०० पासून पुढं, म्हणजे ५००, ५०२, ५०३, ५०४ – अडचण सर्व्हरकडची. भरणाऱ्यानं आकडे बदलत बसू नये. अशा वेळी स्क्रीनशॉट घ्यावा, तारीख आणि वेळ टिपून ठेवावी आणि नंतर पुन्हा प्रयत्न करावा. शेवटच्या दिवशी साइट बंद पडली तर तक्रार करताना हाच स्क्रीनशॉट कामाला येतो.

आणि ‘तुमचा फॉर्म तपासणीत अडकला आहे, ओटीपी सांगा म्हणजे सोडवतो’ असा फोन आला तर तो बंद करावा. तपासणी संगणक एका क्षणात करतो. ती सोडवायला कुणाच्या ओटीपीची गरज नसते.

संस्थांनी आणि शिकणाऱ्या पोरांनी

दूध संस्था, पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपनी यांपैकी कुणी सॉफ्टवेअर करून घेत असेल, तर पैसे देण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. तपासणी फक्त मोबाइलवर आहे की सर्व्हरवरही? नमुन्यात नसलेला रकाना आला तर काय होतं? चुकीचे संदेश मराठीत आणि कारणासह येतात का, देवनागरी अंक चालतात का? आणि खिडक्यांची पुस्तिका तयार होते का, ती संस्थेच्या ताब्यात राहील का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. उद्या तो प्रोग्रामर सोडून गेला, तर नवीन माणसाला पुस्तिकेवरून काम पुढं नेता येतं. ती नसेल तर संस्था एकाच माणसावर अडकून बसते.

तालुक्याच्या कॉलेजात बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा डिप्लोमा करणाऱ्या मुलामुलींना हे सगळं शिकायला वेगळा पैसा लागत नाही. टाइपस्क्रिप्ट, नोड, नेस्ट, स्वॅगर या चारही गोष्टी मोफत उतरवून घेता येतात. साधा लॅपटॉप आणि मोबाइलचं इंटरनेट पुरतं. आधी जावास्क्रिप्ट, मग टाइपस्क्रिप्ट, मग नेस्ट, अशा क्रमानं गेलं तर अवघड वाटत नाही. सरावाला मोठं काही नको. आपल्याच गावच्या दूध केंद्राची सहा रकान्यांची स्लिप घ्यावी, प्रत्येक रकान्याचा नियम केंद्रावरच्या माणसाला विचारावा आणि तो लिहून बघावा. देवनागरी १० टाकल्यावर काय होतं हे ज्यानं घरच्या फोनवर पाहिलेलं आहे, तो ती पायरी लिहायला विसरणार नाही.